उत्तर: फॉर्म्युल्यात पृथ्वी उणे १८ येतेय ना, ती 'दुरुस्त' करू नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बी.एस्सी.चा प्रोजेक्ट, विषय 'जीवसृष्टीला योग्य ग्रह', आणि सूर्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेवरून ग्रहाचं तापमान काढायच्या फॉर्म्युल्यात पृथ्वीचं तापमान उणे १८ सेल्सिअस येतंय म्हणून गाईड सर म्हणतात फॉर्म्युला चुकलाय, आधी पृथ्वी नीट आण मग बाकीचे ग्रह बघू. हेच सगळं मी भोगलंय. आधीच सांगतो, मी संशोधक नाही, कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि तुमच्या युनिव्हर्सिटीचे नियम काय आहेत ते तुझं तूच बघ.

फॉर्म्युला कुठून आला त्यात जात नाही, ते तुला येतंय. अल्बेडो, म्हणजे ग्रह परत फेकतो तो उजेडाचा वाटा, ०.३ धरलास की पृथ्वी २५५ केल्विनच, म्हणजे उणे १८च येणार. बरोबर आहे ते! आलेली ऊर्जा आणि परत गेलेली ऊर्जा यांचा नुसता ताळमेळ आहे तो, हवेचा त्यात पत्ताच नाही. जमिनीवर सरासरी साधारण १५ असते, मधले ३३ अंश हवेतल्या वाफेच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या गोधडीचे.

आता शुक्र घाल. अंतर ०.७२३ एयू (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एयू), अल्बेडो ०.७६. उणे ४४ येतं, म्हणजे पृथ्वीपेक्षाही थंड! सूर्याकडून जवळजवळ दुप्पट ऊर्जा मिळते पण ढग तीन चतुर्थांश उजेड परत पाठवतात. आणि जमिनीवर प्रत्यक्षात ४६० च्या वर, शिसं वितळेल. मग मंगळ, अल्बेडो ०.२५, येतं उणे ६३, आणि खरी सरासरीही तिथेच आसपास, कारण हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. आता शेजारी एक कॉलम वाढव, 'फरक', म्हणजे खरं तापमान वजा फॉर्म्युल्याचं. पृथ्वी ३३, शुक्र ५०० च्या वर, मंगळ जेमतेम काही. माझ्या मते तुझा सगळा प्रोजेक्ट या कॉलममध्ये आहे, कारण त्यात वातावरण दिसतं.

माझा रिपोर्ट नेमका इथेच अडकला होता. गाईडना पटलेलं, पण ज्या ऑफिसातून रिपोर्ट पुढे जायचे तिथून 'पृथ्वी गोठलेली दाखवली आहे, त्रुटी दूर करावी' असा शेरा मारून परत. शेरा कोणी मारला, भेटायचं कोणाला, काही सांगेनात, खिडकीवर एकच उत्तर, साहेब मीटिंगमध्ये आहेत. स्पष्टीकरणाचं पत्र घेऊन गेलो तर ठेवून जा म्हणाले, पोच दिली नाही, आणि नंतर म्हणे असं पत्र आलंच नाही. अख्खं सेमिस्टर गेलं माझं त्यात. इतक्या वर्षांनी अजून संताप होतो, दहा मिनिटं कोणी समोर बसून शुक्राची ओळ बघितली असती तर विषय संपला असता.

त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात शेवटचा रकाना होता 'राहण्यायोग्य: होय/नाही'. तुझ्याही टेबलात तो दिसला, काढून टाक. २०१३ साली कोप्परापू आणि सहकाऱ्यांनी सूर्याचा हॅबिटेबल झोन, म्हणजे ग्रहावर पाणी द्रव राहू शकेल असा पट्टा, ०.९९ ते १.६७ एयू काढला, आपली पृथ्वी अगदी आतल्या कडेला. चंद्रही तिथेच आहे मग, त्याला होय लिहायचं? आणि शनीचा उपग्रह एन्सेलॅडस कितीतरी बाहेर, पण कॅसिनी यानाला तिथे पाण्याचे फवारे सापडले, त्याला सरळ नाही?

ट्रॅपिस्ट-१ तू पहिल्या नंबरला टाकलायस, त्यावर जरा थांब. सूर्याच्या ९ टक्के वस्तुमानाचा तारा, सात ग्रह, २०१७ ची ती मोठी बातमी, त्यातले ई, एफ, जी हे ग्रह झोनमध्ये, सगळं खरं. पण असे लहान लाल तारे सुरुवातीचा बराच काळ आत्तापेक्षा जास्त तेजस्वी असतात, म्हणजे आज झोनमध्ये असलेल्या ग्रहाचं पाणी तेव्हाच उडून गेलेलं असू शकतं, वर फ्लेअर्स, म्हणजे ताऱ्याचे अचानक भडके आहेत, आणि ग्रह इतके जवळ की बहुतेक एकच बाजू कायम ताऱ्याकडे. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने सगळ्यात आतल्या बी ग्रहाची उजेडाची बाजू मोजली, ५०० केल्विनच्या आसपास आली. तू अल्बेडो शून्य धरून काढ, ४०० च्या जवळ येईल. कारण आपला फॉर्म्युला उष्णता ग्रहभर सारखी पसरते असं धरतो, आणि तिथे ती पसरवायला दाट हवा नसावी. बघ, इथेही 'फरक'च बोलतोय.

मला विचारशील तर सूर्याहून थोडे लहान, नारिंगी, के प्रकारचे तारे सगळ्यात भरवशाचे. सूर्याच्या साधारण दहा अब्ज वर्षांपेक्षा जास्त टिकतात आणि लाल ताऱ्यांएवढे भडकत नाहीत. कोणाला पटणार नाही, खुशाल वाद घाला, पण लाल ताऱ्यांच्या बातम्या जास्त येतात त्या त्यांचे ग्रह शोधायला सोपे म्हणून, हे धरून घाला.

आणखी एक, नासाच्या एक्सोप्लॅनेट अर्काइव्हमधला (दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांची यादी) तयार तापमानाचा कॉलम तसाच उचलू नकोस, प्रत्येक पेपरात अल्बेडो वेगळा धरलेला असतो. फ्लक्सचा, म्हणजे ताऱ्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेचा कॉलम घे आणि सगळ्यांना एकच अल्बेडो लावून स्वतः काढ. सरांना आधी शुक्राची ओळ दाखव, पृथ्वीची नंतर. आणि ऑफिसात काहीही लेखी दिलंस तर इनवर्डचा शिक्का स्वतःच्या कॉपीवर मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस, शिपायाने कितीही घाई केली तरी.