उल्लेखनीय, पण उल्लेख केला कोणी?

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांनी आपल्या ग्रंथालयावर ऑनलाइन ज्ञानकोशासाठी लेख लिहिला. दोन दिवसांत लेखाच्या डोक्यावर पाटी लागली: 'विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.' त्या विचारतात, "चार लाख ग्रंथ, साठ वर्षांची परंपरा, हे उल्लेखनीय नाही तर काय उल्लेखनीय? आणि मुळात हा शब्द इथे बरोबर आहे का? 'दखलपात्र' चालला नसता का?"

आधी शब्दाचे बघू. ग्रंथालयाचे त्यातूनच उलगडत जाईल.

बाईंना राग आला यात नवल नाही. रोजच्या मराठीत 'उल्लेखनीय' हा कौतुकाचा शब्द आहे. उल्लेखनीय कामगिरीबद्दल सत्कार होतो, परीक्षेत उल्लेखनीय यश मिळते. 'उल्लेखनीय अपयश' असे कोणी म्हटलेच तर ते खवचटपणे. त्यामुळे 'उल्लेखनीय नाही' हे कानावर पडते ते 'तुमच्यात सांगण्यासारखे काही नाही' असेच. ज्ञानकोशाला मात्र कौतुकही करायचे नसते आणि अपमानही. विषयाशी लागेबांधे नसलेल्या भरवशाच्या लोकांनी त्याच्यावर पुरेसे लिहून ठेवले आहे का, एवढाच तिथला सवाल असतो. एखाद्या कुप्रसिद्ध घोटाळ्यावर सहज लेख होतो आणि निमूटपणे चांगले काम करणाऱ्या संस्थेवर होत नाही, तो यामुळेच.

घोळ नेमका कुठे आहे ते प्रत्ययात दिसते. 'उद्' उपसर्ग, 'लिख्' धातू आणि त्याला 'अनीयर्' प्रत्यय. पाणिनीच्या 'तव्यत्तव्यानीयरः' या सूत्रातला हा प्रत्यय. 'जे केले जावे, करण्याजोगे आहे' असा अर्थ तो देतो. वाचनीय म्हणजे वाचण्याजोगे, शोचनीय म्हणजे शोक करण्याजोगे. म्हणजे उल्लेखनीय हे उल्लेख करण्याजोगे झाले. आता गंमत अशी, की या प्रत्ययात कर्ता गुलदस्त्यात राहतो. पुस्तक वाचनीय आहे. पण वाचले कोणी? कोणीच वाचले नसले तरी ते वाचनीय असू शकते. प्रत्यय लायकीबद्दल बोलतो, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल नाही.

ज्ञानकोशाला हवी असते नेमकी घडून गेलेली गोष्ट. उल्लेख व्हायला हवा होता का, हे तिथे कोणी विचारत नाही. तो झाला का, कोणी केला, कुठे केला, हे विचारतात. काटेकोर बोलायचे तर तिथे 'उल्लिखित' असावे लागते, 'उल्लेखनीय' नव्हे. बाई लायकी सांगत राहिल्या आणि पाटी लावणारा उल्लेख मागत राहिला. दोघेही एकच शब्द वापरत होते.

बाईंनी लेखातला एक परिच्छेद पाठवला आहे. त्यातले एक वाक्य: "हे सुसज्ज ग्रंथालय या भागातील एक अग्रगण्य ग्रंथालय म्हणून ओळखले जाते." मला हे वाक्य फार आवडले, कारण सगळा आजार यात आहे. 'अग्रगण्य' म्हणजे ज्याची गणना आधी करावी असा. इथेही तसाच, लायकी सांगणारा प्रत्यय दडलेला आहे, आणि इथेही विचारता येते, गणले कोणी? 'ओळखले जाते', ओळखतो कोण? एका वाक्यात दोन क्रिया आणि कर्ता एकही नाही. हेच वाक्य ग्रंथालयाच्या माहितीपत्रकात अगदी शोभून दिसेल. माहितीपत्रकाचा कर्ता सगळ्यांना ठाऊक असतो, तो म्हणजे स्वतः ग्रंथालय.

आता 'दखल'. शब्द चोख आहे. मूळ अरबी, आत शिरणे या अर्थाचा. 'दाखल' आणि 'दाखला' ही त्याचीच भावंडे. ('दाखवणे' मात्र या घरातले नाही; ते प्राकृतातून आले आहे. आडनाव सारखे, एवढेच.) दखलेचा मोठा गुण असा, की ती घ्यावी लागते आणि घेणारा कोणीतरी लागतो. 'दखल घेतली' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न आपोआप येतो. त्या दखलेचा दाखला दिला, की लेख दाखल झाला. एकाच धातूत सगळा कारभार!

मग 'दखलपात्रता' का नको? कारण पोलिसांनी तो शब्द आधीच नेला आहे. दखलपात्र गुन्हा, अदखलपात्र गुन्हा हे शब्द वर्तमानपत्रांनी इतके घट्ट रुजवले आहेत, की 'हे ग्रंथालय अदखलपात्र आहे' असे वाचल्यावर आधी हसू येईल आणि मग तिथे किरकोळ मारामारी झाली असावी असे वाटेल. शिवाय 'पात्र' जोडले की पुन्हा लायकीच आली. गुजरातीत 'नोंधपात्र' रुळलेला आहे, बंगालीत 'उल्लेखयोग्य' चालतो; पात्र, योग्य, नीय, सगळ्यांनी लायकीचाच दरवाजा निवडला. 'नोंदनीय' करून बघितले तर देशी 'नोंदी'ला संस्कृत शेपूट लागते आणि वाचणारा 'नोंदणी' वाचतो. 'लक्षणीय' हा वाढ, घट आणि फरक यांच्यासाठी राखीव आहे. 'प्रसिद्ध' म्हणावे तर प्रसिद्धी नसलेल्या पण अभ्यासकांनी भरभरून लिहिलेल्या विषयांवर अन्याय होतो.

माझे मत: 'उल्लेखनीयता' आता पारिभाषिक शब्द म्हणून बसला आहे, तो राहू द्यावा. पारिभाषिक शब्दाने आपला अर्थ स्वतःच सांगावा अशी अपेक्षा आपण एरवीही ठेवत नाही. पण नवख्या माणसाला सांगताना तो एकटा वापरू नये. तिथे साधी क्रियापदे हवीत.

एक पोटप्रश्नही आहे. नाही म्हणायचे असेल तर 'अनुल्लेखनीय' म्हणावे का? शक्यतो टाळा. त्याने 'तोंडातून नाव काढू नये असे' हा वास येतो. आणि 'अनुल्लेखाने मारणे' हा वाक्प्रचार मराठीत जिवंत असताना कोणत्याही संस्थेला तो शब्द चिकटवणे म्हणजे जखमेवर मीठ. त्यात इथे अनुल्लेखही होत नसतो. स्वतंत्र लेख नाकारला, तरी विद्यापीठावरच्या लेखात ग्रंथालयाचा परिच्छेद राहतो आणि ग्रंथालयाचे नाव शोधणारा माणूस पुनर्निर्देशनाने, म्हणजे आपोआप वळवला जाऊन, तिथे पोचतो. नाव राहते, फक्त वेगळे बिऱ्हाड मिळत नाही.

वेगळे बिऱ्हाड कोणाला द्यायचे? व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर, ज्याचे षष्ठीवाचून अडत नाही त्याला. 'विद्यापीठाचे ग्रंथालय' यातला '-चे' काढला आणि तरीही सांगण्यासारखे पुरेसे उरले, तर लेख. ऑक्सफर्डचे बोडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडले. अभ्यासक नुसते 'बोडलियन' म्हणतात, षष्ठी केव्हाच गळून पडली आहे. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयात रात्री वटवाघळे कीटक टिपतात आणि त्यांच्या विष्ठेपासून वाचवायला टेबलांवर कातडी आच्छादने घालतात. तिथली वटवाघळेसुद्धा जगभरच्या लेखनात पोचली आहेत. आता इतकी जाहिरात करायला वटवाघळांना कोणी सांगितले नव्हते, लोकांनी आपणहून लिहिले.

पण नुसते विशेषनाम असले की काम झाले असेही नाही. दात्याचे नाव दिलेली ग्रंथालये पुष्कळ असतात. उलट बेल्जियममधल्या लूवेनच्या ग्रंथालयाला तसे खास नाव नाही, ते 'विद्यापीठ ग्रंथालय'च आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने ते जाळले. ती आग एवढी गाजली, की पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाच्या २४७ व्या कलमात जर्मनीने जळालेल्या ग्रंथांची आणि हस्तलिखितांची भरपाई करावी असे लिहिले गेले. एका ग्रंथालयासाठी शांतता तहात कलम! अमेरिकन देणग्यांतून नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या कठड्यावर एक लॅटिन ओळ कोरायची ठरली: जर्मन क्रोधाने उद्ध्वस्त, अमेरिकन देणगीने पुन्हा उभे. त्या ओळीवरून रण माजले आणि ती शेवटी इमारतीवर लागली नाही. १९४० मध्ये इमारत पुन्हा जळाली. पुढे भाषेच्या वादातून विद्यापीठ दुभंगले तेव्हा पुस्तकेही वाटली गेली, विषम क्रमांकाची इकडे, सम क्रमांकाची तिकडे. या प्रत्येक टप्प्यावर इतिहासकारांनी, पत्रकारांनी, वकिलांनी लिहिले आहे. ग्रंथसंख्या किती होती हा मुद्दा इथे शेवटी येतो. तुमचे चार लाख ग्रंथ आणि त्यांचे ग्रंथ यांत फरक पडतो तो असा.

याचा अर्थ ग्रंथालय जळल्याशिवाय लेख होत नाही असा मात्र घेऊ नका. वास्तूवर स्थापत्याच्या नियतकालिकात लेख आला असेल, एखाद्या दुर्मीळ संग्रहावर बाहेरच्या संशोधकाने प्रबंध लिहिला असेल, एखाद्या धोरणावरून वर्तमानपत्रांत सविस्तर वाद झाला असेल, तरी चालते. त्या लिहिणाऱ्याने स्तुतीच केली पाहिजे असेही नाही. इथे 'तटस्थ' आणि 'त्रयस्थ' यांची गल्लत होते. तटस्थ म्हणजे काठावर उभा, कोणाची बाजू न घेणारा. त्रयस्थ म्हणजे दोन्ही पक्षांहून वेगळा, तिसरा. ज्ञानकोशाला लेख तटस्थ हवा असतो आणि संदर्भ त्रयस्थ. तुमच्या ग्रंथालयाच्या कारभारावर कडक टीका करणारा सविस्तर लेख तटस्थ नसेल, पण त्रयस्थ आहे, म्हणजे उपयोगी आहे. तुमच्या विद्यापीठाचा वार्षिक अहवाल कितीही संयत भाषेत असला तरी त्रयस्थ नाही. आणि 'उद्घाटनानंतर पाहुण्यांनी ग्रंथालयाला भेट दिली' या बातमीतल्या ओळीने उल्लेख होतो, दखल होत नाही.

पाटी लावणाऱ्यांनाही एक सुचवावेसे वाटते. 'विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही' ऐवजी असे लिहून बघा: 'या ग्रंथालयाची सविस्तर दखल त्रयस्थ लेखकांनी घेतल्याचे दाखले लेखात नाहीत. असल्यास जोडावेत, नसल्यास हा मजकूर विद्यापीठाच्या लेखात हलवता येईल.' पाटी दोन ओळींनी वाढते खरी. पण बाईंनी पहिल्याच दिवशी कपाटातली जुनी कात्रणे काढली असती आणि 'अग्रगण्य' त्यांनी स्वतःच खोडला असता.