केळी वाहायच्या जुन्या पिकअपला ब्रेक मारला की पुढून 'खट' वाजतं. चाक चॅसीला जोडणाऱ्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, गेलेत का?

शक्यता तीच, पण आधी बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोलाकार सांधा, तपासा. लोअर (खालच्या) आर्मखाली जॅक लावून चाक उचला आणि टायर वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुखणं तिथं किंवा बेअरिंगमध्ये.

नाही लागला, तर आर्म आणि चॅसीवरच्या ब्रॅकेटच्या मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबा. रबर थोडं दबणारच. पण आर्म सैल सरकला, रबर भेगाळलेलं किंवा आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं दिसलं, की बुश गेला. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या शेतरस्त्यांवर भरून धावणाऱ्या गाडीला त्याचं काय नवल!

दोन्ही बाजूंचे सोबतच टाका. आणि मिस्तरीजवळ उभे राहा: रबरी बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवूनच. चाक लटकत असताना आवळले तर नवं रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. मग चाकांचं अलाइनमेंट.