साखरेपासून सुरुवात कर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कोरेगावकडच्या तुझ्या साक्षरता वर्गाला पहिल्या आठवड्यात अठरा बायका होत्या, आता सातच येतात. त्यांना शिकायचं नाही, असं मात्र समजू नकोस. दिवसभर भांगलण, घरी आल्यावर भाकऱ्या आणि भांडी, मग रात्री साडेआठला पाटीपुढं बसायचं. अंगात काय उरत असेल?

तुझ्यासारखी मीही माझ्या वर्गात आधी अंकलिपीच उघडली होती. अ अननसाचा. एका आजींनी विचारलं, "गुरुजी, ह्यो अननस आमच्या कवा कामाला येनार?" दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मला ते अजून सलतं.

तू 'साखर' घे. आपल्याकडं उसाशी ज्याचा संबंध नाही, असं घर सापडायचं नाही. शब्दावर आधी भरपूर बोलू दे, मग पाटीवर लिही. र जमला की आडवी रेघ आणि दांडी जोडून स होतो; र ला व चिकटवला की ख. तीन अक्षरं आणि एक काना, एवढ्यात रस, रास, राख, खारा, सारखा निघतात. माझ्या वर्गात एकीनं कुणी न सांगता 'सासर' जुळवलं. एकेका अक्षरावर बोट दाबत तिनं ते तीनदा वाचलं, आणि सगळ्याजणी बोलायलाच लागल्या. त्या रात्री पुढचा धडा झाला नाही. तसं झालं तर होऊ दे. पुढं त घे, म्हणजे सातारा, रात, खत. अनुस्वार दिला की बँकेतलं खातं. जोडाक्षरांची घाई नको.

"माझ्या डोस्क्यात शिरत न्हाई" असं कुणी म्हणालं, तर आधी पाटी हातभर लांब धरायला सांग. लांबून दिसलं तर तिला चष्मा हवा आहे. कितीतरी बायका एवढ्यावरून स्वतःला मठ्ठ समजून घरी बसल्यात.

पेन्सिल त्या खुरप्यासारखी आवळून धरतात, टोक मोडतं. सुरुवातीला खडूच दे. लहान पोरासारखा हात धरून गिरवून घेऊ नकोस. मावशी, काकी म्हण.

'उल्लास' या सरकारी साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना ५०-५०. तिची धास्ती तू घेऊ नकोस, त्यांनाही देऊ नकोस.

१९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम आपल्याच सातारा जिल्ह्यातून सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. गावातल्या शिकलेल्यांनी गावाला शिकवलं. पण पुढं वाचायला हाताशी काही नसलं की आलेली अक्षरंही पुसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ऊस वजनाची पावती, बचत गटाचं पासबुक वर्गात येऊ दे. एखाद्या रविवारी सगळ्यांना एसटी स्टँडवर ने. गाडीची पाटी त्यांनी वाचायची, तू गप्प राहायचं.

आणि त्याआधी, न येणाऱ्या अकराजणींच्या घरी जाऊन ये. वही नेऊ नकोस, नुसता चहा पिऊन ये.

तुझे,
गुरुजी