पुण्याच्या पेठांत पायी फिरताना दुकानं आणि गर्दीपलीकडे नेमकं काय अनुभवायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नवीन आहात, दोन-तीन रविवार पेठांतून चाललात, पण फलक, पार्किंग आणि गर्दी यापलीकडे हाती काही लागलं नाही. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर चाललात तर एवढंच लागणार. पेठांचं दर्शनी रूप आता बहुतेक ठिकाणी सारखंच झालंय. वाडे बरेचसे गेले, त्यांच्या जागी खाली दुकान आणि वर फ्लॅट. पण एक वस्ती संपून दुसरी सुरू झाली हे नाकाला, कानाला आणि तळपायांना अजूनही कळतं.

एखाद्या दिवशी सकाळी महात्मा फुले मंडईपासून सुरुवात करा. इमारत १८८६ सालची, दगडी, उंच छपराची. बाहेर ऊन चढलेलं असलं तरी आत पाऊल टाकताच मानेला फरक जाणवतो. वास मात्र पहिल्या काही मिनिटांतच घेऊन ठेवा: ओली कोथिंबीर, गोणपाट, आलं, कुठेतरी कोपऱ्यात सडत पडलेला कोबी. नाक एकाच वासाला फार लवकर सरावतं आणि मग तो कळवायचंच सोडून देतं. गाळ्यावरच्या मावशींना विचारलंत तर त्या म्हणतील, ‘कसला वास?’ म्हणून नाकाने शहर कळतं ते हद्दीवर, एका वासातून दुसऱ्या वासात शिरताना. तिथे जरा पाय रेंगाळू द्या. मंडईतून तुळशीबागेकडे वळलात की भाजीचा वास मागे पडतो आणि उदबत्ती, प्लॅस्टिक, नवं कापड असं काहीतरी पुढे येतं.

तुळशीबागेत खरेदी करा न करा, राममंदिराच्या आवारात जरूर शिरा. बाहेरचा ‘ताई, बघा तरी’चा कालवा भिंतीआड राहतो आणि इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो हे तिथे लक्षात येतं.

लक्ष्मी रस्ता ओलांडा आणि पुढे चला, तिथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

वेळ काढायचा तो कसब्यातल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत. कामाच्या वेळेत गेलात तर आळी दिसायच्या आधी ऐकू येते. कोपऱ्याआड असताना नुसता दबका ठोका पोचतो, कारण खालच्या पट्टीचा आवाज कोपऱ्याला वळसा घालून येऊ शकतो, वरच्या पट्टीचा तितकासा वळत नाही. आळीच्या तोंडाशी आलात की तोच ठोका एकदम खणखणीत होतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. त्यांची ओळख म्हणजे मठारकाम: भांड्यावर चकचकीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके द्यायचे. त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्याच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे चकाकते ठसे उठतात. कारागीर लोखंडी दांड्यावर भांडं चढवून एका हाताने ते जरा जरा फिरवत राहतो, दुसऱ्या हाताची लय मोडत नाही. मोठ्या घंगाळाचा आवाज घोगरा, छोट्या तांब्याचा चिरका. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहा, कुठे काय घडतंय याचा अंदाज येऊ लागेल. दोन हातोड्या एकदम चालू असल्या तर त्यांचे ठोके कधी जुळतात, कधी फाटतात. आता पाणी तापवायचे तांब्याचे बंब फारसे कुणी पेटवत नाही, कारागीरही कमी झालेत. फोटोसाठी त्यांना काम थांबवायला लावू नका, एवढी विनंती.

तिथून नदीकडे निघालात की पोटऱ्या सांगतील, जमीन मुठेकडे उतरते आहे. स्कूटरवर हा उतार कळतही नाही. पुलावर वारं मोकळं लागतं, पण उन्हाळ्यात त्या वाऱ्याबरोबर काय येतं ते लिहायला नको. तोही पुण्याचाच वास आहे, नाक मुरडून का होईना, घ्या.

तळपायांवरून आठवलं. पदपथांवर पिवळ्या उठावदार फरश्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत, अंधांना तळपायांनी वाट कळावी म्हणून आहेत. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल टिकल्या म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पातळ तळव्याची चप्पल घालून त्यांवरून चालून बघा. आपल्याकडे काही ठिकाणी ही वाट थेट खांबावर नेऊन आदळते. ती फरशी बसवणाऱ्याने डोळे उघडे ठेवूनच बसवली असणार, ही त्यातली गंमत.

इयरफोन मात्र घरी ठेवा. पेठेत मागून कोण येतंय हे कानच सांगतात, आणि विजेवरच्या दुचाक्या आल्यापासून तेवढ्यानेही भागत नाही. जिभेबद्दल पुण्यात वेगळं सांगायची गरज नाही, भूक लागली की जवळच कुणाला तरी विचारा, पत्त्याबरोबर मतही मिळेल.

जायला-यायला मेट्रो घ्या. २०२४ पासून भुयारी मार्ग सुरू झालाय: मंडईला उतरा, परतताना कसबा पेठेला चढा. दोन्ही स्थानकं जमिनीखाली, दोन्हीकडे तोच गारवा आणि तीच घोषणा. एका स्थानकाचं अंतर मेट्रो दोन-तीन मिनिटांत कापते, तुम्ही त्याला निवांत अर्धा दिवस द्या.