पहिल्यांदाच क्रूझला जाताना काय काळजी घ्यावी? (आईबाबा सोबत, मुंबई-गोवा)

सगळ्यात आधी खोली. आईंना गाडी लागत असेल तर बोटही लागू शकते. बाल्कनीच्या मोहात वरच्या मजल्यावरची, टोकाची खोली घेऊ नका. जहाज मधोमध आणि खालच्या मजल्यांवर कमी हलतं, सी-सॉच्या मधल्या भागासारखं. आमच्या आईची मळमळीवरची गोळी पर्समध्येच राहिली. मळमळायला लागल्यावर घेतली, पण तोवर उशीर झाला होता. रात्रभर आल्याची वडी चघळत, क्षितिजाकडे बघत डेकवर बसली बिचारी. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच द्या, झोप येते त्याने.

मोठ्या बॅगा बंदरावरच जमा होतात आणि खोलीत पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. त्यामुळे बीपी-शुगरची औषधं, ओळखपत्रं, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोनने पकडलं तर बिल बघून तुम्हालाच बोट लागेल.

सुरुवातीला सुरक्षेची कवायत असते, लाइफ जॅकेट वगैरे. लोक कंटाळा करतात, तुम्ही करू नका. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ कलंडली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. ३२ माणसं गेली.

आणि हो, जेवण तिकिटात असलं तरी दारू, स्पा वगैरेचे पैसे बहुधा वेगळे. बाबांना आधीच सांगून ठेवा!