‘पैसा सहज येतो’ असं रोज म्हणतेय, पण पार्टीचा चेक काही येत नाही

प्रश्न : मरोळला एका गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनवायचं आमचं युनिट आहे, बाबांनी प्रोप्रायटरशिपमध्ये सुरू केलेलं, ते गेल्यापासून चार वर्षं मीच बघतेय, १८ माणसं आहेत. मागे एका बिझनेस कोचच्या वर्कशॉपला गेले होते, तिथे सांगितलं की रोज सकाळी अफर्मेशन्स म्हणायची, ‘मी निडर लीडर आहे’, ‘पैसा माझ्याकडे सहज येतो’, प्रत्येकी २१ वेळा. आरशासमोर लाज वाटते म्हणून बोरिवली ते अंधेरी लेडीज डब्यात मनातल्या मनात म्हणते. पहिला आठवडा भारी वाटलं. आता दीड महिना झालाय आणि उलटंच होतंय, ‘पैसा सहज येतो’ म्हटलं की ती मोठी पार्टी आठवते जिने तीन महिने पेमेंट अडकवलंय, आणि अंधेरी यायच्या आत पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात वास्तू तथास्तु म्हणते, चांगलंच बोलावं, सोडू नकोस. माझं काय चुकतंय? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, ते वाक्य चुकलंय. तुम्ही ‘पैसा सहज येतो’ म्हणता आणि डोक्यात बसलेला मुनीम लगेच वही उघडून दाखवतो की बाई, हे बिल बघा, ९० दिवस झाले. २१ वेळा म्हणता म्हणजे २१ वेळा त्याला वही उघडायला लावता, मग गोळा येणार नाही तर काय होणार.

हे फक्त तुमच्याच बाबतीत होतं असं समजू नका. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं, तर ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं आणि ज्यांचा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच औषध लागू पडत नाही.

मूळ प्रकार तसा जुना आहे, शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नान्सी गावचे एमिल कुए नावाचे औषधविक्रेते लोकांना ‘रोज सर्व बाजूंनी माझी तब्येत सुधारतेय’ अशा धाटणीचं वाक्य सकाळ-संध्याकाळ २० वेळा म्हणायला सांगायचे, मोजायला २० गाठींची दोरी, अगदी आपली जपमाळ. पण ते आजारी माणसांसाठी होतं हो, उधारी वसुलीसाठी नव्हे.

मग करायचं काय? एक, विधान सोडा, प्रश्न विचारा. २०१० च्या एका प्रयोगात शब्दांची कोडी सोडवण्याआधी काहींनी स्वतःला ‘मी करेन’ म्हटलं, काहींनी ‘मी करेन का?’ असं विचारलं, आणि विचारणाऱ्यांनी जास्त कोडी सोडवली. वर २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या अभ्यासात दिसलं की ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःला ‘मी’ न म्हणता नावाने किंवा ‘तू’ म्हणून बोलणाऱ्यांची घालमेल कमी होते. हे वाचून मला हसू आलं, कारण समर्थांनी २०५ श्लोक मनाला उद्देशूनच लिहिलेत की! तेव्हा डब्यात स्वतःचं नाव घेऊन विचारा, ‘आज ११ वाजता त्या पार्टीला फोन करशील का? त्याने साहेब बाहेर आहेत सांगितलं तर काय बोलशील?’ याचं उत्तर शोधता शोधता अंधेरी येईल, मेट्रोत बसाल तोवर ते तयारही असेल. (मी स्वतः एकदा नरिमन पॉइंटला मीटिंगआधी लिफ्टमध्ये ‘मी कॉन्फिडंट आहे’ पुटपुटत होतो, लिफ्टमन म्हणाला, साहेब, मजला कुठला? तेव्हापासून बंद.)

दुसरं, मानसशास्त्रज्ञ ज्याला सेल्फ-अफर्मेशन म्हणतात ते स्वतःची स्तुती नव्हेच. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेला विचार असा की आपल्याला मनापासून महत्त्वाचं काय आहे त्याची आठवण असली की धोक्याच्या वेळी माणूस कमी डळमळतो. म्हणून रविवारी दहा मिनिटं बसा आणि बाबांचा धंदा विकून मोकळं व्हायच्या ऐवजी तो का चालवतेय ते कागदावर लिहा, चांगलं लिहायची गरज नाही. त्यावर मुनीम वाद घालणार नाही, कारण ते खरंच असेल.

आणि आता जे मंत्राने सुटणारच नाही ते. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, बाबांच्या पॅनवर होतं की तुमच्या, ते आधी बघा, बाबांच्याच नावावर राहिलं असेल तर तुमच्या नावाने नवीन करून घ्या, कारण पुढे सांगतो त्या कायद्याचा आधार घ्यायचा तर माल देण्याआधी ते हवं. २००६ च्या एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात छोट्या उत्पादकाचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, करार नसेल तर १५ दिवसांत, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचा नियम असा की मुदत उलटली तर पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. साहेबांना सोडा, त्यांच्या अकाउंटंटला मेलवर हे कळवा, मार्च जवळ आला की त्याला घाम फुटतो. तरी नाही हलले तर थकलेल्या पेमेंटची तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर करता येते.

सासूबाईंचं मी मोडणार नाही. वाईट बोलू नये हे बरोबरच आहे, पण तथास्तु म्हणणाऱ्या वास्तूलाही थकलेलं बिल दिसत असेल ना.

प्रश्न : आमच्या दादरच्या ऑफिसात दर सोमवारी सगळ्या स्टाफकडून ‘आम्ही बेस्ट टीम आहोत’ म्हणवून घेतो, कुणी मनापासून म्हणत नाही. चालू ठेवू का? – एक मॅनेजर

उत्तर : बंद करा. ते तुम्ही ऐकताय म्हणून म्हणतात. त्या दहा मिनिटांत फक्त ‘या आठवड्यात काय अडलंय?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. पहिले दोन सोमवार कुणी तोंड उघडणार नाही, तिसऱ्या सोमवारी कुणीतरी घाबरत घाबरत गळक्या एसीबद्दल बोलेल, तो एसी त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.