मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांना घार आणि शिक्र्यापासून कसं वाचवायचं?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याजवळ शेतातल्या घरी कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, मोठ्यांना काही होत नाही, पण पिलं एकेक करून कमी होतायत आणि सगळ्या अंगणावर जाळी टाकणं परवडत नाही. सगळ्या अंगणावर जाळीची गरजच नाही. आमचं घर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात. डोक्यावर घारी कायम असतात, तरी आमच्याकडे कोंबड्या आजीच्या काळापासून मोकळ्याच आहेत.

आधी पिलं नेतंय कोण ते ठरवा. आभाळात घार दिसते म्हणून सगळा आळ तिच्यावर जातो. घार वर गोल फिरत राहते, उघड्यावरचं पिलू पायात उचलते आणि निघून जाते. मागे काहीच उरत नाही. शिक्रा कबुतराएवढा, करड्या पाठीचा. तो तुम्हाला आधी दिसतच नाही, कारण कडुलिंबात नाहीतर चिंचेत दबून बसलेला असतो आणि जमिनीलगत झपकन येतो. शिकार जवळच्या फांदीवर किंवा बांधावर नेऊन पिसं उपटतो, म्हणून पिसं एका जागी पडलेली सापडतात. एकाच वेळी दोन-तीन मेलेली, मानेला चावे, तर ते मुंगूस, आणि ते भर दिवसा येतं. रात्री गायब झालेली पिलं मांजर, रानमांजर किंवा सापाच्या नावावर लिहा. अगदी लहान पिलं आणि अंडी कावळाही पळवतो.

हा फरक कळला की निम्मा खर्च वाचतो. अंगणावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणा असा सल्ला सगळेच देतात. घारीला तो लागू पडतो: तिचा पंखविस्तार पाच फुटांच्या आसपास, दोन-दोन फुटांवर दोऱ्या दिसल्या की ती सहसा खाली झेप घेत नाही. शिक्र्याचे पंख पसरून जेमतेम दोन फूट होतात आणि तो मुळात बाजूने येतो, त्याला दोऱ्यांचं काही नाही. दोरी जाड आणि उठून दिसणारी घ्या, पिकाला बांधायची सुतळी चालेल. संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा अजिबात नको. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच बंदी घातली आहे, आणि त्यात घारीआधी तुमचा कोतवाल पक्षीच कापला जाईल. (कोतवालाचं पुढे सांगतो.)

आता पिलांचं. घारीचं स्वतःचं वजन पाऊण किलोच्या आसपास, शिक्र्याचं सहसा पाव किलोच्या आत. सव्वा-दीड किलोची गावरान कोंबडी दोघांनाही उचलत नाही, म्हणून तुमच्या मोठ्या कोंबड्या सुखरूप आहेत. म्हणजे सांभाळायचे ते सुरुवातीचे दोन-तीन महिनेच. पहिले तीन-चार आठवडे पिलं आईसकट डालग्याखाली किंवा खुराड्यासमोरच्या जाळीत ठेवा. सातव्या दिवसाच्या आसपास राणीखेत रोगाची लासोटा लस द्यायची असते, तीही हाताशी असलेल्या पिलांना देणं सोपं. नंतर अर्धा-पाऊण किलोची होईपर्यंत झाकलेल्या कोपऱ्यात. गावरान पिलू सावकाश वाढतं, त्याला तीन महिने लागू शकतात. मोकळं सोडायचं वय दिवस मोजून ठरवू नका, तराजूवर ठरवा.

झाकलेला कोपरा खान्देशात फार स्वस्तात होतो, कारण सामान प्रत्येक वाडग्यात (गोठ्याच्या आवारात) पडलेलं असतं. ठिबकच्या जुन्या नळ्या बांबूच्या चिंपांना (कामट्यांना) बांधून कमानी करा, त्यावर मासे धरायची जुनी जाळी किंवा पक्षीजाळी टाका. जाळी ताणलेली हवी. सैल जाळीत साप अडकतो, आणि मग तो सोडवायचा कोणी यावरून घरात भांडणं. शेडनेट लावणार असाल तर अर्ध्या भागावरच लावा. एप्रिल-मेमध्ये पारा 45 ला टेकतो तेव्हा सावलीसाठी ती हवीच, पण पावसाआधीच्या वादळात शेडनेट शिडासारखी फुगते आणि कमानींसकट शेजाऱ्याच्या केळीत जाते. उघड्या विणीच्या जाळीतून वारा निघून जातो.

मोठ्या कोंबड्या जिथे चरतात तिथे आडोसा लावा. कोंबडी हुशार असते. घारीची सावली पडली की ती पळते, फक्त पळायला जागा जवळ हवी. झाडून-पुसून लख्ख केलेलं मोठं अंगण हे घारीचं ताट आहे. दर दहा-पंधरा पावलांवर काहीतरी हवं: लिंबोणी सगळ्यात चांगली, कारण काटे जमिनीपर्यंत आणि शिक्रा आत घुसत नाही. एरंडी आणि तूर एका पावसाळ्यात आडोसा देतात. उलटी बाज, जुनं बैलगाडीचं साटं, तुराट्यांची तिरकी झोपडी, काहीही चालतं. पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) ढीग मात्र यासाठी रचून ठेवू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. केळीची बाग शेजारी असेल तर तिच्यासारखं छत नाही, मात्र नुकत्याच लावलेल्या कंदांजवळ कोंबड्या उकरतात, तेवढं वर्षभर सांभाळा.

मशिनमध्ये उबवलेली पिलं विकत आणली असतील तर ती जास्त जातील, हे धरून चाला. त्यांना आई नसते. खुडूक बसलेली गावरान कोंबडी वर काही हललं तरी पिलांना पंखाखाली घेते आणि वेळ आली तर घारीवर उडी मारते. शक्य असेल तर अशा कोंबडीखाली रात्रीच्या अंधारात विकतची एक-दोन दिवसांची पिलं सरकवा, बहुतेक वेळा ती घेते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडाही ठेवाच. कोंबड्याची हाक दोन प्रकारची असते: जमिनीवर मांजर-कुत्रं दिसलं तर तुटक कटकट, आभाळात काही दिसलं तर एकच लांब आवाज, आणि तो ऐकला की सगळा कळप गप्प होऊन दडतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया "घार उनी वं!" (घार आली गं!) अशी आरोळी देतात, पण बहुतेकदा कोंबड्याच्या नंतरच.

कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी उन्हाळ्याच्या शेवटी बाभळीत, कडुलिंबात घरटं करतो आणि त्या झाडाजवळ घार, कावळा, शिक्रा कोणालाही टिकू देत नाही. फुकटचा राखणदार आहे, त्याचं झाड तोडू नका. बुजगावणं, चमकणारी पट्टी, जुन्या सीडी यांना पक्षी काही दिवसांत सरावतात. ठेवायच्या असतील तर जागा बदलत राहा. काही घरांत पिलांना गुलाबी रंग लावतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण पिलाला हानी न करणारा रंग असेल तर लावा बापडे.

माघ-फाल्गुनात घारींची पिलं घरट्यात असतात, आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास शिक्र्याची. त्या काळात हल्ले वाढतात. कोंबडी-मासळीची आतडी, पिसं उकिरड्यावर उघडी टाकली तर घारी बाराही महिने तुमच्याच घरावर फिरतील, खड्डा करून पुरा.

मेलेल्या पिलाला विषारी औषध चोळून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यावर आधी गावातली कुत्री मरतात. शिवाय शिकारी पक्ष्यांना मारणं, पकडणं, त्यांची अंडी काढणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

एक शंका राहते. पुरी वाढलेली कोंबडी भर दिवसा मेलेली सापडली आणि छातीचं मांस खाल्लेलं असेल, तर ती घार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला मोरघार असते (नावात घार असली तरी हा गरुड आहे), ती मोठी कोंबडी मारते. असं घडलं तर इथेच खाली लिहा, त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.